कोण म्हणतं चालतंय?

नवा क्लस्टर उभा राहिला की पहिली कमांड सगळे एकच देतात: क्यूबसीटीएल गेट नोड्स. टर्मिनलवर लहानसा तक्ता उमटतो. डावीकडे यंत्रांची नावं, शेजारी स्थिती, मग भूमिका, वय आणि आवृत्ती. स्थितीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘रेडी’ दिसलं की पाठीमागं उभ्या असलेल्या मंडळींचे खांदे सैल पडतात, कुणीतरी चहा सांगतं, आणि उभारणी करणारा पोरगा मोबाइल काढून त्या तक्त्याचा फोटो घेतो. फोटो ग्रुपवर पडला की काम झालं, असा आता रिवाजच पडलाय. माझं काम तिथून पुढं सुरू होतं. दुसऱ्यांनी उभे केलेले क्लस्टर वापरात येण्याआधी तपासून द्यायचे, हा माझा धंदा. त्यामुळे सगळे हुश्श करतात नेमकी त्याच वेळी मी खुर्ची पुढं ओढते. लोकांना ते आवडत नाही. साहजिक आहे.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादं ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारा सगळा लवाजमा एकत्र बांधून कुठल्याही यंत्रावर जसाच्या तसा चालवता यावा, म्हणून कंटेनर असतात. लिनक्समध्ये त्याची सामग्री आधीपासून होती; 2013 साली डॉकर आलं आणि ती साध्या प्रोग्रामरच्या हातात पडली. कंटेनर दोन-चार असतील तर माणूस सांभाळतो. शेकडो झाले की कुठला कुठल्या यंत्रावर आहे, कुठला मेला, कुणाला मेमरी कमी पडली, हा हिशेब हाताबाहेर जातो. गूगल हा हिशेब बरीच वर्षं ‘बोर्ग’ नावाच्या आपल्या घरच्या प्रणालीत ठेवत होतं. त्या अनुभवातून जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅक्लकी यांनी नवी प्रणाली मांडली. 2014 च्या जूनमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि 2015 च्या जुलैत तिची 1.0 आवृत्ती आली. तेच कुबरनेटिस. त्याच्या बोधचिन्हातल्या सुकाणूच्या चाकाला सात आरे आहेत, कारण प्रकल्पाचं आतलं नाव ‘स्टार ट्रेक’मधल्या सेव्हन ऑफ नाइन या पात्रावरून पडलं होतं. ही माहिती काही कामाची नाही, पण गप्पांत निघतेच.

यंत्रांचा जो संच कुबरनेटिसच्या हवाली करतात, तो क्लस्टर. कुबरनेटिसचं वागणं असं. तुम्ही सांगायचं की या ॲप्लिकेशनच्या तीन प्रती हव्यात. त्या तीन आहेत ना, हे तो अहोरात्र बघत राहतो. एक मेली की दुसरी उभी करतो. काय हवं आहे आणि काय आहे, या दोहोंचा मेळ घालणं, हेच त्याचं सगळं आयुष्य. काय हवं आहे ते आपण लिहून दिलेलं असतं. काय आहे, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागतं. तो सांगणारा कोण, त्यानं स्वतः काय पाहिलं आणि कशाबद्दल तो बोलतच नाही, इथं माझी तपासणी सुरू होते आणि बहुतेक वेळा इथंच संपते.

‘रेडी’चंच घ्या. प्रत्येक यंत्रावर क्यूबलेट नावाचा एक कारभारी बसलेला असतो. तो दर 10 सेकंदांनी मुख्यालयात, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या कंट्रोल प्लेनमध्ये, आपली नोंद ताजी करतो. कंटेनर चालवणारी यंत्रणा जागी आहे, नेटवर्कचं प्लगइन बसलेलं आहे, एवढं पाहून तो ‘रेडी’ म्हणतो. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा मागच्या बाकावरचं पोर ‘हजर’ म्हणतं, तसंच हे. ते हजर असतंच, खोटं बोलत नाही. पण त्याला फळ्यावरचं दिसतंय का, शेजारच्याशी त्याचा अबोला आहे का, हे बाईंनी विचारलेलं नसतं आणि ते आपणहून सांगत नाही. क्यूबलेट फक्त स्वतःबद्दल बोलतो, आणि तेही फक्त मुख्यालयाशी. यंत्र क्रमांक चारला यंत्र क्रमांक सहाशी बोलता येतं का, याची साक्ष त्या सुंदर तक्त्यात कुठंच नसते.

उलटा प्रकारही असतो. कुबरनेटिसमध्ये मुख्य घटकांची प्रकृती विचारायची एक जुनी कमांड आहे, क्यूबसीटीएल गेट कंपोनंटस्टेटसेस. ती शेड्यूलर आणि कंट्रोलर मॅनेजर यांना त्यांच्या 10251 आणि 10252 या जुन्या पोर्टांवर हाक मारून बघायची. पुढं सुरक्षिततेसाठी ते पोर्ट बंद ठेवायची पद्धत आली. घटक ठणठणीत, काम बिनबोभाट चालू, आणि ही कमांड मात्र दोघांना ‘अनहेल्दी’ ठरवायची, कारण ती बंद दारावर थाप मारत होती. किती नवख्यांनी या लाल अक्षरांपायी धडधाकट क्लस्टर पाडून पुन्हा उभे केले असतील, देव जाणे. 1.19 आवृत्तीपासून ती निवृत्तीच्या यादीत गेली. आता मुख्यालयाला थेट विचारायचं: रेडीझेड या पत्त्यावर जाऊन, सविस्तर उत्तर मागून. तिथं एकेका तपासणीपुढं ‘ओके’ लिहून येतं. तेही स्वतःबद्दलचंच बोलणं, पण निदान काय काय पाहिलं याची यादी तरी समोर येते. नुसत्या ‘ठीक आहे’पेक्षा ‘हे हे पाहिलं, ते ठीक आहे’ या वाक्याला मी जास्त किंमत देते. माणसांच्या बाबतीतही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पुण्याबाहेरच्या एका संस्थेत असा क्लस्टर तपासायला गेले होते. पैशांचे व्यवहार सांभाळणारी संस्था. ग्राहकांची माहिती आपल्या आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही असं त्यांच्या संचालकांनी ठरवलेलं, म्हणून क्लाउड नको. स्वतःची यंत्रं, स्वतःची सर्व्हर रूम. तीन यंत्रं कंट्रोल प्लेनची आणि चार ॲप्लिकेशन चालवणारी, म्हणजे वर्कर. चारपैकी दोन वर्कर रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, म्हणजे इकडं आग लागली तरी तिकडं काही राहील. आयटीचे प्रमुख निवृत्तीला आलेले गृहस्थ. मेनफ्रेमच्या काळापासून संगणक पाहिलेले, कुठल्याच गोष्टीनं न भारावणारे. उभारणी करणारा मुलगा हुशार आणि मनापासून काम केलेला. त्यानं मला तोच तक्ता दाखवला. सात ओळी, सात ‘रेडी’. “मॅडम, कॉन्फॉर्मन्स टेस्टपण पास आहे,” तो म्हणाला.

ही कॉन्फॉर्मन्स टेस्ट चांगली गोष्ट आहे. 2017 पासून क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन कुबरनेटिसच्या निरनिराळ्या वितरणांना प्रमाणपत्र देतं. त्यासाठी ठरलेल्या शेकडो चाचण्या सोनोबॉय नावाच्या साधनानं कुणालाही आपल्या क्लस्टरवर चालवता येतात. त्या पास झाल्या म्हणजे तुमचं कुबरनेटिस इतरांच्या कुबरनेटिससारखंच वागतं. तुमच्या भिंती, तुमच्या केबल आणि तुमच्या फायरवॉलमधून तुमचा माल जातो का, हा तिचा विषय नव्हे. त्या मुलाला मी तसं म्हटलं नाही. “छान,” म्हटलं, “आता पॉड बघू.”

पॉड म्हणजे कंटेनरांचं बिऱ्हाड, क्लस्टरमधलं सगळ्यात छोटं वस्तीचं एकक. पॉडची यादी वाचणं ही एक वेगळी विद्या आहे. नव्या क्लस्टरमध्ये नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या कोअरडीएनएसचे पॉड ‘पेंडिंग’मध्ये अडकले असतील तर घाबरू नये, नेटवर्कचं प्लगइन बसवायचं राहिलंय, ते बसलं की उठतात. ‘इमेजपुलबॅकऑफ’ दिसलं तर कंटेनरच्या इमेजचं नाव चुकलं किंवा बाहेरचा रस्ता बंद आहे. ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ म्हणजे आतला प्रोग्राम उठतोय आणि पडतोय. क्यूबलेट त्याला आधी 10 सेकंदांनी उठवतो, मग 20, मग 40, असं दुप्पट करत करत पाच मिनिटांवर थांबतो. हे सगळे आजार बोलके आहेत, स्वतःहून नाव सांगतात. मला भीती ‘रनिंग’ची वाटते. ‘रनिंग’ याचा अर्थ एवढाच की आतली प्रोसेस सुरू झाली आणि अजून मेलेली नाही. ती कुणाला उत्तर देते का, हे शेजारच्या ‘रेडी’च्या रकान्यात कळतं. तिथं 1/1 आहे की 0/1, हे आधी बघावं. आणि तो आकडासुद्धा ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यानं तयारी विचारणारा रेडिनेस प्रोब किती इमानदारीनं लिहिलाय यावर अवलंबून. तो प्रोब लिहिलाच नसेल तर कंटेनर सुरू झाल्या झाल्या तयार धरला जातो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी, हा हिशेब मी सरकारी फॉर्ममध्येही पाहिलेला आहे.

इथं पॉड सगळे 1/1 होते. मग मी दोन साधे पॉड उठवले. एकाच यंत्रावर नव्हे. एक या इमारतीतल्या वर्करवर आणि एक पलीकडच्या. कुबरनेटिसची नेटवर्कसाठीची अट सोपी आहे: कुठल्याही पॉडला कुठल्याही पॉडशी, तो कुठल्याही यंत्रावर असो, त्याच्या खऱ्या पत्त्यावर बोलता आलं पाहिजे. ती अट पाळायला या मुलानं फ्लॅनेल बसवलं होतं. फ्लॅनेल पॉडचं पॅकेट यंत्राच्या पॅकेटमध्ये गुंडाळून पलीकडं पाठवतं. त्यासाठी 8472 हा यूडीपी पोर्ट सगळ्या यंत्रांत खुला लागतो. बहुतेक ठिकाणी गाडी इथंच अडते, कुणीतरी तो पोर्ट उघडायचा राहिलेला असतो. इथं उघडा होता. पिंग गेलं आणि आलं. मुलगा माझ्याकडं बघून हसला. सेवेच्या, म्हणजे अनेक पॉडांपुढं ठेवलेल्या सामायिक, पत्त्यावर एक चिमुकलं पान मागितलं, तेही आलं.

मग मी पलीकडच्या पॉडवरून काही मेगाबाइटची एक फाइल मागवली. जोडणी झाली. सुरुवातीचे चार शब्द आले. आणि मग काही नाही. एरर नाही, नकार नाही, टर्मिनलचा कर्सर नुसता लुकलुकत उभा. याच इमारतीतल्या पॉडवरून तीच फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत आली.

पिंगचा मजकूर एरवी 56 बाइटांचा असतो. तो वाढवत नेला. हजार बाइट गेले. चौदाशे गेले नाहीत. आता गोष्ट उघड झाली. इथरनेटवरून एका वेळी 1500 बाइटांचं पॅकेट जातं. फ्लॅनेलच्या गुंडाळणीला 50 लागतात, म्हणून पॉडच्या वाट्याला 1450 येतात. एवढा हिशेब फ्लॅनेलनं यंत्राचं कार्ड पाहून बरोबर केलेला होता. पण दोन इमारतींच्या मधे एक एन्क्रिप्टेड टनेल होता, आणि टनेल आपली गुंडाळणी वेगळी घालतो. ती धरली तर पूर्ण भरलेलं पॅकेट त्यात मावत नाही. टनेलच्या तोंडाशी त्याचे तुकडे पडत होते, आणि पलीकडची फायरवॉल तुकड्यातुकड्यांनी आलेलं सामान संशयास्पद समजून टाकून देत होती. चूपचाप. फायरवॉल बसवणाऱ्यांनी ते बरोबरच केलं होतं, टनेलवाल्यांनीही, त्या मुलानंही. तिघांनी आपापल्या जागी आपलं काम तपासलं होतं आणि तिघांचंही ‘रेडी’ खरं होतं.

ही गोष्ट न सापडता सोमवारी क्लस्टर सुरू झाला असता तर काय झालं असतं, ते मला डोळ्यांपुढं दिसत होतं. लॉगिनचं पान लहान, ते उघडलं असतं. खात्याची शिल्लक लहान, तीही आली असती. वर्षभराचा खातेउतारा मागितला की मात्र चक्र फिरत राहिलं असतं, तेही पॉड कुठल्या इमारतीत पडला त्यावर अवलंबून. म्हणजे कधी येतो, कधी येत नाही. काउंटरवरच्या ताईंनी “सर्व्हर स्लो आहे” म्हणून सांगितलं असतं, आणि महिनाभर सगळ्यांनी मेमरी वाढवली असती. फ्लॅनेलच्या सेटिंगमध्ये पॅकेटची कमाल मर्यादा खाली आणली, पॉड पुन्हा उठवले, फाइल आली. दुरुस्ती एका ओळीची. प्रमुख साहेब इतका वेळ मागं हाताची घडी घालून उभे होते. ते म्हणाले, “म्हणजे छोटी कामं होत होती, म्हणून मोठं अडलेलं कळत नव्हतं.” मी म्हटलं, “हो साहेब.”

नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसवर मी जास्त बोलणार नाही. एका पॉडमध्ये शिरून कुबरनेटिस डॉट डीफॉल्ट हे नाव विचारायचं, उत्तरात 10.96.0.1 किंवा जो काही ठरवलेला पहिला पत्ता असेल तो यायला हवा, आणि हे प्रत्येक यंत्रावरून करायचं. एकच सावधगिरी: या कामासाठी बिझीबॉक्सची 1.28 हीच इमेज घ्यावी. नंतरच्या काही आवृत्त्यांतलं एनएसलुकअप गोंधळात टाकणारी उत्तरं देतं, आणि मग डीएनएस धडधाकट असूनही माणूस त्याच्या मागं लागतो. तपासणाऱ्याचीही तपासणी करावी लागते ती अशी.

गुप्त माहितीची परीक्षा मात्र मला मनापासून आवडते. केल्सी हायटॉवर यांनी ‘कुबरनेटिस द हार्ड वे’ नावाचं एक मार्गदर्शन लिहिलंय. क्लस्टरचा प्रत्येक खिळा आपल्या हातानं ठोकायला लावणारं. त्याच्या शेवटाकडं ‘स्मोक टेस्ट’ आहे, आणि तिची सुरुवात याच परीक्षेनं होते. पासवर्डसारख्या गोष्टी कुबरनेटिसमध्ये ‘सीक्रेट’ म्हणून ठेवतात आणि त्या एटसीडी या त्याच्या भांडारात जातात. नाव सीक्रेट असलं तरी वेगळं सांगितल्याशिवाय ते भांडारात एन्क्रिप्ट होत नाही. म्हणून एक खोटं सीक्रेट तयार करायचं आणि मागच्या दारानं थेट एटसीडीत जाऊन त्याचे बाइट वाचायचे. मी त्या दिवशी रोमन अक्षरांत ‘पुरणपोळी’ ठेवली. हेक्सडंपमध्ये डावीकडं आकड्यांच्या जोड्या आणि उजवीकडं त्यांची वाचता येणारी अक्षरं असतात. एन्क्रिप्शन नसेल तर उजव्या रकान्यात पुरणपोळी स्वच्छ वाचता येते. आमच्या वेळी तिथं सुरुवातीला एन्क्रिप्शनची पद्धत सांगणारा छोटा शिक्का आणि पुढं नुसते टिंब आणि कचरा दिसला. “दिसली का?” साहेबांनी विचारलं. “नाही दिसली,” मुलगा खुशीत म्हणाला. या धंद्यात न दिसण्याचा आनंद होणारी ही एवढी एकच जागा असावी.

यानंतर मी नेहमी म्हणते की आता मोडू या. इथं खोलीतली हवा बदलते. नवी, कोरी, पूजा करून सुरू केलेली यंत्रं. कुठं कुठं सर्व्हरच्या रॅकवर कुंकवाचं बोट अजून ओलं असतं. ती मुद्दाम पाडायची कल्पना लोकांना अभद्र वाटते. नेटफ्लिक्सनं आपली चालती यंत्रं दिवसाढवळ्या, कामाच्या वेळात मारून टाकणारा ‘केऑस मंकी’ हा प्रोग्राम 2012 साली जगासाठी खुला केला, हे सांगितलं की मुलं माना डोलावतात, आणि केबलला हात घातला की तीच मुलं म्हणतात, “मॅडम, रीतसर शटडाउन करू का?” रीतसर शटडाउन करणारा बिघाड मी अजून पाहिलेला नाही.

एका स्क्रीनवर दर अर्ध्या सेकंदाला पान मागणारी कमांड लावली, दुसऱ्यावर नोड्सचा तक्ता. ॲप्लिकेशनच्या तीन प्रती तीन यंत्रांवर. मग त्यातल्या एका वर्करच्या दोन्ही पॉवर केबल ओढल्या. पंखे उतरत उतरत थांबले. आणि तक्त्यात ते यंत्र ‘रेडी’च.

हे बघण्यासारखं असतं. यंत्र आपल्यासमोर मरून पडलंय, त्याचे दिवे विझलेत, आणि तक्ता म्हणतोय की ते तयार आहे. शेवटची हजेरी लागलेली आहे आणि पुढची अजून चुकलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आवृत्तीनुसार 40 किंवा 50 सेकंद मुख्यालय वाट पाहतं. तेवढ्या वेळात दुसऱ्या स्क्रीनवर साधारण दर तिसरी मागणी अडकत होती, कारण मेलेल्या पॉडचं नाव सेवेच्या यादीतून अजून निघालेलं नव्हतं. मग ओळ बदलली: ‘नॉटरेडी’. त्याबरोबर अडकणं थांबलं, उरलेल्या दोन प्रती सगळं सांभाळू लागल्या. पण तिसरी उभी राहिली नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुलगा चुळबुळ करायला लागला.

“हे लगेच का नाही उभं करत?” साहेबांनी विचारलं.

“पाच मिनिटं थांबतं. कदाचित ते यंत्र परत येईल म्हणून.”

“आपल्याला तर दिसतंय केबल काढलेली.”

“आपल्याला दिसतंय, साहेब. त्याला फक्त निरोप येईनासा झालाय. स्विच रिस्टार्ट झाला तरी असंच दिसतं.”

ते गप्प झाले, आणि मला वाटतं त्यांना ते पटलं. पाच मिनिटांच्या सुमारास जुन्या पॉडपुढं ‘टर्मिनेटिंग’ लागलं आणि दुसऱ्या यंत्रावर नवा उठला. डेटाबेसचा पॉड मात्र तसाच. त्याच्यापुढंही ‘टर्मिनेटिंग’ लागलेलं, पण त्याची जागा घ्यायला कुणी आलं नाही, आणि कितीही वेळ बसलो असतो तरी आलं नसतं. हा ‘स्टेटफुलसेट’ जातीचा पॉड. त्याची ओळख एकमेव असते. कुबरनेटिसला माहीत असतं की आपल्याला काहीही माहीत नाही: पलीकडचा मेलाय, की जिवंत आहे आणि नुसता संपर्क तुटलाय? जिवंत असेल आणि आपण दुसरा उठवला, तर एकाच वहीत दोघं लिहायला लागतील. वेबपानाच्या बाबतीत चार प्रती झाल्या तरी बिघडत नाही, म्हणून तिथं तो अंदाजानं पुढं जातो. पैशांच्या नोंदीत तो माणसाची वाट बघतो. कुणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहावं आणि सांगावं की होय, ते यंत्र खरंच बंद आहे. त्याला तसं सांगायची सोय आहे, आणि ती कमांड रात्री दोन वाजता कोण देणार, त्याचा फोन नंबर भिंतीवर लागलाय का, हा माझ्या तपासणीतला मुद्दा आहे. इतक्या स्वयंचलित कारभारात ही एक जागा राखून ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. मी स्वतः क्लस्टरचा हा थांबा बिघाड म्हणून नोंदवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

मग डोकं. कंट्रोल प्लेनची तीन यंत्रं, प्रत्येकावर एटसीडीची एक प्रत. तिघांत दोघांचं एकमत झालं तरच नोंद पक्की. एक गेलं तरी चालतं, दोन गेली की लिहिणं बंद. चार ठेवली तरी एकच गेलेलं सोसतं, म्हणून सम आकड्याला अर्थ नाही. एक पाडलं, काही झालं नाही. दुसरं पाडलं आणि क्यूबसीटीएल मुकं झालं. मुलगा घाबरून दुसऱ्या स्क्रीनकडं वळला. तिथं पान येत होतं. पॉड चालूच होते. क्यूबलेटनं शेवटची आज्ञा लक्षात ठेवलेली असते आणि नवी येईपर्यंत तो ती पाळत बसतो. अशा स्थितीत नवीन काही उभं राहत नाही, मेलेल्या यंत्रावरचे पॉड दुसरीकडं उठत नाहीत, पण चाललेलं चालतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस खऱ्या संकटात धावाधाव करून चांगले पॉड पाडायच्या भानगडीत पडत नाही. माझ्या मते या परीक्षेचा खरा उपयोग तिथं आहे. यंत्रापेक्षा माणसांची रंगीत तालीम जास्त होते.

बॅकअपचं लवकर आटोपलं. एटसीडीचा स्नॅपशॉट रोज घेतला जात होता. “रिस्टोर करून बघितलाय?” असं विचारल्यावर जी शांतता पसरते ती पसरली, आणि दुपार त्यात गेली.

संध्याकाळी कागद भरायला बसलो. माझ्या तक्त्यात ‘पास’ असा रकाना मी कधीच काढून टाकलाय. त्याऐवजी काय पाहिलं, कुठून पाहिलं, कुणी पाहिलं आणि हे कधीपर्यंत धरून चालायचं, असे चार आहेत. शेवटचा रकाना लोकांना कळत नाही. साहेबांनी बोट ठेवून विचारलं. मी मुलाला म्हटलं, सर्टिफिकेटांची मुदत काढ. क्यूबअ‍ॅडम या उभारणीच्या साधनानं उभ्या केलेल्या क्लस्टरमधले घटक एकमेकांना ओळखतात ते सर्टिफिकेटांवर, आणि ती वर्षभराची असतात. मूळ अधिकारपत्र दहा वर्षांचं, खालची एका वर्षाची. क्यूबअ‍ॅडमनं आवृत्ती वाढवली की ती आपोआप ताजी होतात. ज्यांचा क्लस्टर ‘मस्त चाललाय, हात लावू नका’ या तत्त्वावर वर्ष काढतो, त्यांच्याकडं एके दिवशी सकाळी कुणीच कुणाला ओळख देत नाही.

मुलानं कमांड दिली. ओळींपुढं तारखा आल्या. त्यानं मोबाइलवर पुढच्या वर्षीचं कालनिर्णय उघडलं आणि बघत बसला.

“काय झालं?”

“मॅडम, ऐन गणपतीत संपतंय. तेव्हा इथं वॉचमन सोडून कुणी नसतं. मी तर कोकणात.”

साहेब पहिल्यांदाच मोकळं हसले. “मी तर रिटायरच,” ते म्हणाले. मग पेन घेऊन त्यांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘आवृत्तीबदल आषाढात’. आणि मुलाकडं बघून म्हणाले, “आषाढात कुणाचं लग्न नसतं. रजेचं कारण सांगू नकोस.”